अण्णांची दमणची लढाई

फोन आला तेव्हा माझा सातवीचा वर्ग शाळेच्या मैदानात बसला होता. नोव्हेंबरपासून आमच्या डहाणू-तलासरीत जमीन हादरते आहे, त्यामुळे वर्गखोल्यांना कुलूप आणि फळा आंब्याच्या बुंध्याला टेकवलेला, अशी तलासरीची आमची शाळा चालली होती. पलीकडून सासूबाई बोलत होत्या. "अगं, हे गेले," त्या म्हणाल्या आणि मी काही विचारायच्या आत, "हादऱ्यानं नाही हं... असेच. चहा प्यायले आणि खुर्चीत बसले होते." मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खडू खाली ठेवला आणि आशागडला घरी जायला रिक्षा शोधायला निघाले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी पलटणीत होते, पायाला गोळी लागल्यावर सैन्यातून सुटले आणि रेल्वेत फाटकवाले म्हणून डहाणूला आले ते इथलेच झाले. गाडी यायची झाली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं, मधल्या वेळात चिंचोळ्या जागेत मिरच्या लावायच्या. यांच्यावर कोणी लेख लिहावा असं यांच्या आयुष्यात काही घडलंच नाही, असं आशागडातला कोणीही तुम्हाला सांगेल. असं सांगणाऱ्यांशीच माझं भांडण आहे, म्हणून लिहायला बसले.

भांडणाचं मूळ दमण. आमच्या भागात दमणचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू येते, बाटली. तिन्ही बाजूंनी गुजरात, गुजरातेत दारूबंदी, आणि मध्ये हे एवढंसं दमण, जिथे दुकानं ओळीनं उघडी. "काल दमणला जाऊन आलो" असं कोणी म्हटलं तर ऐकणारा आपोआप त्याचं तोंड हुंगतो. आणि आमचे अण्णा दरवर्षी डिसेंबरात, ठरल्या दिवशी, खाकी कापडाची पिशवी खांद्याला लावून एकटेच दमणला जायचे. संध्याकाळी परत यायचे ते पाय ओढत, पण सरळ चालत. तोंडाला वास नसे, हाताला मात्र असे. मोरीवर साबणानं कितीतरी वेळ हात धूत बसायचे. सासूबाई पाटावर ताट ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. "आले दमणकर," एवढंच पुटपुटायच्या. शेजारचे तर उघडच चिडवायचे, "काका, एक आमच्यासाठी आणा ने!" अण्णा हसून मान हलवायचे. वर्षाचे बाकी दिवस हा माणूस ताडीच्या झोपडीकडे ढुंकूनही पाहत नसे, पण त्या एका दिवसाची बदनामी त्यांना जन्मभर पुरली.

पालघर जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, अण्णांचा गुडघा फारच दुखायला लागला. माझे यजमान नोकरीसाठी सुरतेला, त्यामुळे त्या डिसेंबरात अण्णांनी मला विचारलं, "सूनबाई, एक दिवस रजा मिळेल का? दमणला जायचंय." मला हसू आलं आणि कुतूहलही वाटलं. सासूबाईंनी भाकरी बांधून दिली, पण माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी नवऱ्याच्या बापाबरोबर गुत्त्यावर निघाले होते. सकाळच्या गाडीनं वापी, तिथून रिक्षानं दमण. पहिल्याच दुकानासमोर अण्णा थांबले. "रमची एक छोटी बाटली घेशील? मला पायरी चढवत नाही." मी इतिहासाची शिक्षिका, डोक्यावरून पदर घेऊन दारूच्या दुकानात! मनातल्या मनात आमच्या मुख्याध्यापकांना हात जोडले आणि बाटली घेऊन आले.

मग आम्ही समुद्राकडे नाही गेलो, किल्ल्याकडेही नाही. विमानतळाच्या कुंपणाच्या भिंतीशी गेलो. आत जायला परवानगी नाही. भिंतीच्या बाहेर गवताळ पट्टा, दोन बकऱ्या चरत होत्या. अण्णांनी चप्पल काढली, बाटली उघडली, डाव्या हाताची ओंजळ केली आणि रम तिच्यात ओतली. बोटांच्या फटींतून धार जमिनीवर पडत राहिली. बाटली संपेपर्यंत ते तसेच उभे होते. मग पिशवीच्या कापडाला हात पुसले आणि तिथेच खाली बसले.

"सदा इथंच आत पडला," ते म्हणाले. "माझ्या डाव्या हाताला होता. उजाडलं तेव्हा नव्हता."

एकसष्ट सालच्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या ताब्यातलं दमण सोडवायला सैन्य गेलं, त्यात अण्णांची पलटण होती. वय वीस. आदल्या संध्याकाळी जवानांना रम वाटली. सदा त्यांचा जिवलग, त्यानं आपली रम प्यायली नाही, छोट्या बाटलीत भरून अण्णांकडे ठेवायला दिली. म्हणाला, उद्या दमणात बसून दोघं पिऊ. पहाटे अंधारात शेतांमधून पुढे सरकताना विमानतळाकडून मशीनगन सुरू झाली. अण्णांच्या पायाला गोळी लागली, ते पडले आणि अंगाखाली बाटली फुटली. "हात ओला लागला. वाटलं रक्त. तोंडाशी नेला तर रम... सदाची." दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. पकडलेल्या पोरांतला एकजण, अण्णांच्याच वयाचा, पाण्याच्या घोटासाठी रडत होता, आणि अण्णांना त्याचा राग येईना. लढाई संपली. त्यानंतर अण्णांनी कधी थेंब घेतला नाही. पुढे लग्न झाल्यावर सासुरवाडीला, झरीला, त्यांनी पाहिलं की तिथे माणसं ताडी घेण्याआधी पहिली धार जमिनीवर सोडतात, आपल्या गेलेल्यांसाठी. "ते बघितलं आणि मला वाट सापडली," अण्णा म्हणाले. "त्याची रम त्याला द्यायची राहिली होती ना."

परतताना गुजरातच्या नाक्यावर हवालदारानं आमची पिशवी उपडी केली. आत भाकरीचं फडकं फक्त. त्यानं अण्णांचा हात हुंगला, "काका, हाथ तो महेके छे!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी काही बोलणार तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

गाडीत मी विचारलं, "आईंना का नाही सांगत?"

"एकदा सांगितलं होतं. नवीन लग्न झालं होतं. म्हटलं, मी दमणच्या लढाईत होतो. तर हसली. 'दमणला कसली लढाई? बाटलीवरून झाली का?' म्हणाली. तिचं काय चुकलं? सगळेच हसतात." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण सदावर हसू नये कोणी. म्हणून गप्प बसलो. तूही गप्प बस."

त्यानंतरची तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले. दरवर्षी म्हणायचे, अण्णा, तुम्हीच सांगा त्यांना. दरवर्षी ते म्हणायचे, बघू.

मी वर्गात स्वातंत्र्याचा इतिहास शिकवते तेव्हा पंधरा ऑगस्टला घंटा वाजल्यासारखा तो संपतो. दमणला, पुस्तकात असलीच तर, एक ओळ असते, तीही गोव्याच्या शेपटाला बांधलेली. अण्णांना याचं फार वाईट वाटत नसे. ते म्हणायचे, "गोवा मोठा भाऊ, त्याचं नाव पहिलं येणार. आणि पुढच्याच वर्षी चीनकडून मार खाल्ला. घरात तरणं माणूस गेलं की त्याच्या आधीच्या बारशाची आठवण कोण काढतं?" पण ती दोन दिवसांची लढाई किरकोळ होती, हे मात्र ते कधी कबूल करत नसत. देश तेव्हा चौदा वर्षांचा. घर आपलं झालं, पण दोन-तीन खोल्यांच्या किल्ल्या जुन्या मालकाकडेच राहिलेल्या, आणि तो मालक तर इंग्रज नव्हे, पोर्तुगीज. बोलणी करून झाली, विनवण्या झाल्या, सत्याग्रह झाले. नव्या देशाला एकदा तरी ठरवायचं होतं की अंगण कुठपर्यंत आपलं. लढाई करावी लागली याचं त्यांना दुःखच होतं... सदा गेला होता. पण सदा कशासाठी गेला हे लोकांना ठाऊक असावं, एवढंच त्यांना हवं होतं. सगळ्या लोकांना नाही तर निदान घरातल्या एका माणसाला. मला विचाराल तर सगळ्या लोकांचं ते लोकलाजेस्तव म्हणत. हवं होतं ते एकच माणूस.

गेल्या नोव्हेंबरात जमीन गुरगुरायला लागली. नुसता हादरा नाही, आधी पोटातून आल्यासारखा आवाज, धडाम... मग भांडी वाजायची. सगळ्या आळीनं खाटा अंगणात काढल्या. एका दुपारी अण्णा खाटेवर पडले होते, सासूबाई तूर निवडत होत्या आणि मी पेपर तपासत होते. आवाज झाला. सासूबाईंचे हात थांबले.

"असाच आवाज," त्या म्हणाल्या. "मी पोर होते तेव्हा झरीला आला होता. आम्ही सगळी गवत कापायला गेलो होतो. पहाटेपासून धाड धाड चाललेलं. विमानं पण गेली वरून. बाबा म्हणाले, खाणीत सुरुंग लावतात, कापा तुम्ही. दिवसभर भारे बांधले आम्ही."

अण्णा कोपरावर उठले. "महिना कुठला?"

"गवताचा महिना. डिसेंबर असेल." त्या आठवत राहिल्या. "त्याच हंगामात मावशी आली ने दमणहून. माझी आई वारली तेव्हा येता नव्हतं आलं तिला, दमणच्या हद्दीवरचा नाका बंद, परवाना मिळेना. बहिणीचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून आल्या आल्या उंबऱ्यावरच रडली. सगळे म्हणत होते नाका उठला, नाका उठला. का उठला ते कोणाला माहीत..."

 बोलता बोलता त्यांनी तुरीचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. अण्णा त्यांच्याकडे बघत होते, आणि मी पाहिलं की या माणसाची हनुवटी थरथरते आहे. जमीन तेव्हा अगदी स्थिर होती.

"ते सुरुंग नव्हते," अण्णा म्हणाले. "तिथं मी होतो."

आणि मग त्यांनी सांगितलं. सदा, रम, फुटलेली बाटली, ओंजळ, सगळं. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढी वर्षं मी हाताचा वास धरून बसले. एकदा हसले म्हणून काय जन्मभर तोंड शिवून घ्यायचं? पुन्हा सांगायचं ने!" आणि रडायला लागल्या. अण्णा म्हणाले, "आता सांगितलं ना." मी पेपरांत डोकं घातलं, पण एक अक्षर दिसेल तर शपथ. त्या रात्री सासूबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांना वाढलं आणि समोर बसून राहिल्या. पुढे काही दिवसांतच अण्णा गेले. मला अजून वाटतं, ते फाटक पाडून उभे होते, त्या एका गाडीची वाट बघत. ती गेली आणि ते मोकळे झाले.

तेरावं उरकलं आणि दोन-तीन दिवसांनी दमणला जायचा तो दिवस आला. सकाळी बघते तर सासूबाई नऊवारी नेसून, खाकी पिशवी खांद्याला लावून ओट्यावर उभ्या. "चल," म्हणाल्या. दमणला दुकानाची पायरी त्या स्वतः चढल्या. नाव माहीत नव्हतं, म्हणून दुकानदाराला म्हणाल्या, "लष्करात देतात ती द्या." जन्मात ज्या बाईनं बाटलीला हात लावला नव्हता, तिनं भिंतीशी उभं राहून ओंजळ केली. ओतायची सवय नाही, त्यामुळे थोडी रम पिशवीवरही सांडली. "सदाभाऊ," त्या म्हणाल्या, "यंदा हे नाहीत, म्हणून मी आले." आणि बाटली पुरती उलटी करत, "आमची मावशी आली हो तेव्हा."

परतीला नाक्यावर पुन्हा पिशवी उपडी झाली. हवालदार तरुण होता. त्याला वास आला, त्यानं पिशवी झटकली, आत काही नाही. "बा, बाटली क्यां?" त्यानं विचारलं.

सासूबाईंनी त्याच्या हातातून पिशवी घेतली. "ज्याची होती त्याला देऊन आले," म्हणाल्या. त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं वाटेतून बाजूला होऊन आम्हाला जाऊ दिलं.

पिशवी आता अण्णांच्या खुर्चीमागच्या खुंटीवर आहे. हादरा बसला की ती हलते, आणि आम्ही दोघी आधी तिच्याकडे बघतो, मग बाहेर पळतो. परवा रविवारी कपडे भिजवताना मी ती काढायला गेले, तर सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "धुऊ नको. हे दमणहून आल्याचा वास आहे तो."