पुढच्या खोलीतली खोडाखोड

आत्याला पहिला संशय आला तो टेपमुळे. सकाळी ती जिना चढून ऑफिसात आली, दारात क्षणभर डोळे मिटून उभी राहिली आणि आत बघते तर भाची आत्याचंच टेबल मोजत होती. आधी टेबल, मग खिडकीपासून भिंतीपर्यंतची जागा.

"काय गं, टेबलाला कपडे शिवायचेत का?"

"काही नाही आत्या, सहज."

सहज! आत्याच्या मते जगात सहज फक्त शिंक येते. टेप घेऊन कुणी सहज फिरत नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली. भावाने तेव्हा सायकल दुकानाच्या वरच्या तीन खोल्या घेऊन डिझाइनचं काम नुकतंच सुरू केलं होतं. पाट्या, लेबलं, खोकी, पिशव्या. "आक्का, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा पुढच्या खोलीत बस. आल्यागेल्याशी दोन शब्द बोल," एवढंच तो म्हणाला होता. चार दिवसांसाठी बसलेली बाई तिथेच मुरली. चित्रकार, गिऱ्हाइकं, खालचा सायकलवाला, सगळ्यांचीच ती आत्या झाली.

तिला रेघ मारता येत नव्हती, पण माणूस ऐकता येत होता. गिऱ्हाईक तोंडाने एक मागतं आणि मनात दुसरंच असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. साबणवाला लाल लाल करत बसला होता, तेव्हा त्याचा अंगठा मात्र हिरव्या नमुन्यावरून फिरत होता. तो गेल्यावर आत्याने आत जाऊन भावाला सांगितलं, "हिरवं कर. ओरडला तर मी आहे." साबणवाला ओरडला नाही. उलट सहा महिन्यांनी मेव्हण्याला घेऊन आला.

हे सगळं तिच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. आणि भाचीचं दुखणं नेमकं तिथेच होतं. ती बाहेर शिकून, दोन मोठ्या ऑफिसांत काम करून आली होती. आल्या आल्या तिने भिंतीवर फळा लावला. कुठलं काम कुणाकडे आहे, ते त्यावरच्या चिठ्ठीवर दिसायला लागलं. ते आत्यालाही आवडलं. मग एके दिवशी भाची जेवताना म्हणाली, "आत्या मागे नऊ दिवस तापाने पडली, तर आख्खं ऑफिस तापाने पडलं. दोन कामं चुकीची गेली. असं धंदा चालवतात का, बाबा?"

भाऊ ताटात बघत म्हणाला, "हं."

त्या 'हं'मधून चौदा प्रश्नांचा फॉर्म निघाला. गिऱ्हाइकाने आत्याच्या टेबलावर बसून तो स्वतः भरायचा, ट्रेमध्ये टाकायचा, दुपारी भाचीने उचलायचा. मध्ये आत्याने फक्त पेन द्यायचं.

पहिला फॉर्म बेकरीवालीचा. रंग: कुठलाही. अक्षरं: छान. कोणासाठी: सगळ्यांसाठी. आत्याने तो वाचला आणि आत जाऊन तोंड उघडलं, तोच भाचीने हात वर केला. "आत्या, तोंडी नको. फॉर्ममध्ये आहे तेवढंच."

आत्या मुकाट्याने परत आली. असं आहे तर! आधी टेबल मोजून झालं, मग तोंड बंद, आता खुर्ची. आतल्या खोलीत बापलेक बोलत असले आणि ती पाण्याला उठली, की आवाज एकदम खाली यायचे. एकदा तर 'आराम' हा शब्द तिने स्पष्ट ऐकला. आपल्या आरामाची दुसऱ्यांना काळजी वाटायला लागली, की माणसाने आपलं सामान सांभाळावं, असं तिला वाटलं.

फॉर्म तोंडावर आपटू दे, मग येतील माझ्याकडे, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण बेकरीवाली जाताना जिन्यात वळून म्हणाली होती, "आत्या, माझं नीट होईल ना?" आता त्या बाईने काय म्हणून भोगायचं? आत्याने ट्रेमधला फॉर्म ओढला, मनात म्हणाली, 'देवा, हे खोटं नाही, एवढं समजून घे,' आणि 'कुठलाही'वर काट मारून लिहिलं: पिवळसर, पावाच्या भाजलेल्या कडेसारखा. 'सगळ्यांसाठी'च्या जागी लिहिलं: शाळेतून मुलांना घेऊन परतणाऱ्या आयांसाठी. अक्षर मुद्दाम तिरकं काढलं.

मग दुसरा फॉर्म. मग तिसरा. डोळ्यांच्या डॉक्टरांचा, मेणबत्त्या करणाऱ्या बहिणींचा. पाच महिने आत्या रोज गिऱ्हाइकाच्या नावाने गिऱ्हाइकाच्या मनातलं लिहीत राहिली, आणि पाच महिन्यांत एकही काम परत आलं नाही.

भाची हवेत होती. "बघितलंत बाबा? फॉर्म म्हणजे फॉर्म! तोंडी सांगण्याची गरजच नाही." पेन्सिल नावाचा म्हातारा चित्रकार (कानावरच्या पेन्सिलीमुळे त्याला तेच नाव पडलं होतं) आत्याकडे बघून म्हणाला, "हल्ली गिऱ्हाइकं फार शहाणी झालीत हो, आत्या."

आत्याला दोन गोष्टी लख्ख दिसल्या. एक, याला कळलंय. आणि दोन, आपल्याच हाताने आपण आपलीच खुर्ची काढतोय. फॉर्म जितका चांगला, तितकी आपण फालतू.

बिंग फुटलं ते जोडे विकणाऱ्या दुकानदारामुळे. नवी पाटी पाहून तो इतका खूश झाला, की भाचीला राहवलं नाही. "तुम्हीच तर लिहिलं होतं, वडिलांच्या जुन्या पाटीची अक्षरं ठेवा."

"मी?" दुकानदार हसला. "मी तर लिहिलं होतं, एकदम नव्या फॅशनची! पण हेच पाहिजे होतं हो. मला कसं सुचलं नाही कोण जाणे."

तो गेल्यावर भाचीने कपाटातून फॉर्मचा गठ्ठा आणून टेबलावर टाकला. एकेक उलटत गेली. सगळीकडे काट, आणि काटेखाली तेच तिरकं अक्षर.

"आत्या, हे तू केलंस?"

"हो."

"माझं काम बिघडवायला?"

"बिघडलं का?"

भाचीने हातातला फॉर्म गठ्ठ्यावर टाकला. मग म्हणाली, "मी पाच महिने वेड्यासारखी गावभर सांगत फिरले."

"आता तू सांग," आत्या म्हणाली. "त्या दिवशी टेप कशाला लावला होतास? सहज म्हणू नकोस."

भाचीने मान वर केली. "ही खोली चित्रकारांना द्यायची होती. तू घरी आराम करणार होतीस. पुढच्या महिन्यापासून. बाबा तुला सांगणार होते."

"म्हणजे मला उगाच वाटत नव्हतं."

"नाही. उगाच नव्हतं."

खरं बोलली पोरगी, याचं आत्याला बरंच वाटलं. भाचीने खुर्ची ओढली, वही उघडली. "जोडेवाल्याचं तुला कसं कळलं, ते सांग. सगळ्यांचंच सांग. लिहून घेते."

आत्याने त्या वहीकडे बघितलं. सगळं सांगितलं, की पंधरावा प्रश्न, सोळावा प्रश्न, आणि मग परत आराम. न सांगावं, तर पुढच्या तापात कुणीतरी बेकरीवाली बुडणार. तिने वही मिटली.

"आधी माझं ऐक. फॉर्म राहू दे. गिऱ्हाइकाच्या शब्दाला मी हात लावणार नाही. पण खाली मला चार ओळींची जागा दे. मला काय वाटलं आणि कशावरून वाटलं, ते मी उघड लिहीन. माझ्या अक्षरात, खाली सही करून."

"आणि चुकलीस तर?"

"तर माझ्या नावावर. सगळ्यांसमोर."

"मी मोजणार, आत्या. किती बरोबर, किती चूक."

"मोज की. तुला मोजायची हौसच आहे."

दुसऱ्या दिवशी शिवणकाम करणारी बाई आली. 'मोठ्या घरच्या गिऱ्हाइकांसाठी,' असं तिने फॉर्ममध्ये लिहिलं. बोलताना मात्र ती तीनदा सांगून गेली, की जुनं सैल करून द्यायचं काम ती रात्रीतून करून देते. ती गेली. आत्याने पेन उचललं. आतल्या दाराच्या फटीत भाचीची सावली होती, हलत नव्हती. सव्वीस वर्षांत चुकण्याची अशी भीती तिला कधी वाटली नव्हती. बोललेला शब्द विरून जातो, हा राहणार होता. 'देवा,' एवढंच ती म्हणाली, आणि सरळ, आपल्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं: पाटीवर 'नवे कपडे' नको. 'जुने कपडे सैल करून मिळतील' हे मोठं लिहा. कारण, याच कामाबद्दल बोलताना ती खुर्चीत पुढे सरकली.

सही केली. ट्रे बाजूला सारला, आणि दाराकडे न बघता कागद सावलीच्या दिशेने पुढे धरला.