संसार शिकायला गेलेली मुलगी

मंडळी, बातमी गंभीर आहे, बसून घ्या. साठ सालानंतर कधीतरी पनवेलच्या आमच्या आळीतली एक मुलगी संसार शिकायला विद्यापीठात गेली. होय, संसार. कुटुंबजीवन आणि मानवी विकास असा रीतसर विषय होता आणि त्यात नापासही होता येत असे.

"म्हणजे आम्ही परीक्षा न देताच पाच पोरं वाढवली की काय?" माझी आत्या विचारी.

ती मुलगी म्हणजे शेजारच्या मास्तरांची लेक. कानावर पेन्सिल, हातात वही. सुट्टीत घरी आली की कुठेही उभी राहून बघायची. नळावर दोघी भांडत असल्या तर म्हणे, "तुमचं चालू द्या, मी फक्त बघतेय." भांडण तिथेच विझे. कुणी लिहून घेतंय म्हटलं की शिव्या सुचत नाहीत, हे आम्हांला तिच्यामुळे कळलं.

शेवटच्या वर्षी तिला एक तान्हं मूल हवं होतं. दर शनिवारी मुंबईहून एस.टी.ने यायचं, त्याचं वजन करायचं, ते काय काय करतं ते लिहायचं आणि शेवटी तोंडी परीक्षा. मास्तरांनी बजावलं होतं, "पहिला वर्ग मिळव आणि पुढे शीक. नाहीतर पेणचं स्थळ तयार आहे."

आळीत पाळणे चार होते. पण तान्ह्या मुलाला काट्याला टांगायचं म्हणजे दृष्टीला आमंत्रणच. चारही दारांतून नकार आला. आत्याने तर नातवाला पदराखाली झाकलं.

अखेर आमच्याकडे सुकी मासळी विकायला येणारी मिठागरावरची बाई पुढे आली. तिने पाटी उतरवली आणि पोटाशी बांधलेली दोन महिन्यांची पोरगी सोडली.

"घे बाय, हिला लिव. पन आकडा मोठ्यानं बोलायचा नाय. आन वजन झालं का मी मीठ-मिरच्या ओवालनार."

"ओवाळा. मी तेही लिहीन."

आणि लिहिलंच. तोंडी परीक्षेची हकिगत तिने आम्हांला ओट्यावर दोन्ही आवाज काढून सांगितली. परीक्षक बाईंच्या भुवया चढल्या होत्या.

"शास्त्राच्या वहीत दृष्ट काढणं?"

"घरात घडेल ते लिहा, असं शिकवलंत ना बाई? आईची मूठ फिरते तेव्हा मूल काय करतं, ते वाचा."

बाईंनी वाचलं. पहिल्या शनिवारी पोरगी आढ्याकडेच बघत होती. महिन्याभराने तिची नजर मुठीमागे अर्ध्या वाटेपर्यंत गेली. पुढे मान वळवून तिने अख्खी फेरी पुरी केली. आणि एका शनिवारी तिने आईची मूठच धरली. मिरच्या जमिनीवर सांडल्या.

बाईंनी वही शेजारच्या परीक्षकांकडे सरकवली. पहिला वर्ग!

पुढे आणखी शिकून ती लांबच्या कॉलेजात शिकवायला गेली. आळीतली भांडणं पुन्हा रंगू लागली आणि आम्हांला उगाच चुकल्यासारखं होई. पण निकालानंतरचा रविवार सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मास्तरांनी सावधगिरी म्हणून पेणच्या मंडळींना आधीच बोलावून ठेवलं होतं आणि निकालाच्या आनंदात ते 'येऊ नका' असं कळवायचं विसरले होते. मंडळी आली, लोडाला टेकली. मुलाच्या आईने विचारलं, "मुलीला घरातलं सगळं येतं ना?"

जन्मात पाहुण्याला उलट शब्द न बोललेले मास्तर गुणपत्रिका छातीशी धरून उभे राहिले आणि म्हणाले,

"मुलगी पुढे शिकायला चाललीय. तुम्ही आता पोहे तेवढे खाऊन घ्या."