ओळखीचं ताट

परगावी चांगलं जेवण शोधायची माझी एक रीत आहे. पाटी वाचायची नाही, दारातल्या चपला बघायच्या. जिथे झिजलेल्या चपला जास्त, तिथे रोजची माणसं जेवतात. सांगलीला पहिल्यांदाच गेलो, तेव्हा भर दुपारी अशीच एक खानावळ सापडली.

मी बसलो आणि वाढणाऱ्या मावशींनी ताट पुढे ठेवलं. भाकरी कडक भाजलेली, खर्डा वेगळ्या वाटीत, कांदा नाही. मला लागतं अगदी तसं. मी तर काही सांगितलंच नव्हतं.

"मावशी, मी इथे पहिल्यांदाच येतोय."

"करा थट्टा," म्हणत त्या हसल्या. शेजारी जेवणारे दोघेही हसले, ओळखीचं हसावं तसं.

न विचारता वाढणारं माणूस मिळावं, एवढ्यासाठीच तर आपण परक्या गावातल्या गल्ल्या पालथ्या घालतो. ते मिळालं आणि मी भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबलो. माझ्यासारखा दिसणारा कुणी इथे रोज जेवत होता. मग आज तो का आला नव्हता?

निघताना मावशींनी हातात डबा दिला. जेवायला येणाऱ्याच्या घरी कुणी आजारी असलं की इथे मऊ खिचडी बांधून देतात म्हणे.

"वहिनींना सांगा, गरम आहे तोवर खाऊन घ्या."

माझं लग्न झालेलं नाही.

रस्त्यावर आलो. डब्याचा चटका बसत होता. हा नेऊन द्यायचा कुठे, विचारायचं कुणाला, याचाच मी विचार करत होतो. पाय मात्र केव्हाच डावीकडच्या बोळात वळले होते.