वजन टाका

१२ डिसेंबर १९९८. जव्हारच्या आमच्या दुकानामागे मी सुकट वाळत घालत होते. माझी सोळा वर्षांची मुलगी नसरीन ओट्यावरून उतरताना वळली आणि किंचाळली. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली होती. ही तिसरी वेळ. आधी दोनदा जामसरच्या हाडवैद्याने ती बसवून दिली होती.

या वेळी नाशिकला नेलं. डॉक्टरांनी वाटी जागेवर आणली, एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "पटेलर इन्स्टॅबिलिटी." म्हणजे वाटी आपल्या खोबणीत टिकत नाही; तिला बाहेरून धरणारा पडदा ताठ, आतला सैल. "ऑपरेशन करावं लागेल. नाहीतर सरकत राहील आणि आतून झिजेल."

मला पटेना. वाटी बसली की पोरगी चालते. चालत्या माणसाला कापायचं कशाला?

"पुन्हा सरकणार नाही असं लिहून देता?" मी विचारलं.

"नाही. आणि कुणी लिहून दिलं तर त्याच्याकडे जाऊ नका, बाई."

दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. पहिल्याने काय सांगितलं ते मुद्दाम लपवलं. त्यानेही तेच सांगितलं. तेव्हा कुठे मी सही केली.

जानेवारीत पहिल्याच डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. लॅटरल रिलीज, म्हणजे बाहेरचा ताठ पडदा सैल करणं. आणि मेडिअल प्लायकेशन, म्हणजे आतला सैल पडदा दुमडून शिवणं. घरी सोडताना डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "पट्टा बांधलेला ठेवा आणि पायावर हळूहळू वजन टाका."

आमचं घर दुकानदाराचं. वजन टाकायचं म्हणजे तराजूत माप टाकायचं. तिच्या अब्बांनी पाव किलोचं माप रुमालात बांधून तिच्या घोट्यावर ठेवलं. हळूहळू म्हणून पुढच्या आठवड्यात अर्धा किलो.

"अब्बा, मी काय कांदे आहे?"

"कांदे परवडले. गप पड."

मांडी वाळत चालली. माझा संशय डॉक्टरवरच. आतली एखादी नस कापली आणि आता लपवतोय, असं मी शेजारणीलाही सांगून टाकलं. तपासणीला गेले ती भांडायच्याच तयारीने.

त्यांनी मांडी चाचपली. कपाळाला आठ्या. "वजन टाकते ना?"

"रोज. आता अर्धा किलो."

"कसला अर्धा किलो?"

नसरीनच्या अब्बांनी समजावून सांगितलं. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"अहो, तिचं स्वतःचं वजन! उभं राहायचं, पाय टेकून चालायचं. आणखी पडून राहिली तर गुडघा आखडेल. मग माझ्या टाक्यांचा काही उपयोग नाही."

तिथेच तिला उभं केलं. टेबल धरून ती उभी राहिली. मी वाकून पाहत होते. वाटी हलली नाही. तरी डॉक्टरांना म्हटलं, "चालायचं कसं, ते करून दाखवा." त्यांनी स्वतः कुबड्या घेऊन दोन फेऱ्या मारून दाखवल्या.

ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांना एवढंच सांगते. डॉक्टरवर संशय जरूर घ्या, पण आपल्या कानांवरही घ्या. सांगितलेलं करून दाखवायला लावा. आमचे दिवस फुकट गेले. मांडी भरून यायला पुढचा पावसाळा उजाडला. त्या डॉक्टरांचे आभार मी मानले, तेही तेव्हाच.

त्या तपासणीहून परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नसरीनचा चहा खाटेजवळ नेला नाही. चुलीपाशी ठेवला.

"अम्मी, इकडे आण ना."

"थंड होतोय. ये," म्हटलं, आणि कुबड्या तिच्या हाताशी ठेवून दारात उभी राहिले.