मांडीवरचा दोर

पिपरीतल्या आमच्या शेजारच्या काकू नर्स म्हणून रिटायर झाल्या, पण त्यांचं बोलणं अजून वॉर्डातलंच आहे. होडीलाही त्या म्हणतात, "हलू नको बाई, झालंच."

ही जुनी शिडाची होडी काका-काकूंनी यंदाच धरणावर आणली. शीड फाटकं निघालं, तेव्हा काकूंनी कापूस झाकायच्या ताडपत्रीचं नवं शिवलं. सुरुवातीला फार हसं झालं. वाऱ्याबरोबर दोघं मजेत पलीकडच्या काठाला जायचे आणि तिथंच अडकायचे, कारण वाऱ्याविरुद्ध परतायचं कसं ते ठाऊक नव्हतं. मग मासे धरणारे ढीवर आपल्या मोटारबोटीला बांधून त्यांना ओढून आणायचे. काका तर निघतानाच दोर मांडीवर घेऊन पुढच्या टोकाला बसायचे.

परवा मीही सोबत गेले. परतताना वारा समोरून होता. वाऱ्याविरुद्ध पुढं सरकता यावं म्हणून काकू होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरपी नेत होत्या. काठ जवळ येतोय असं मला वाटेचना. होडी कलली की मी फळी घट्ट धरायची.

"काऊन घाबरून राह्यली? श्वास घे," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मोटारबोट जवळ आली. "काका, फेका दोर!"

काकांनी वळून काकूंकडे पाहिलं. त्यांची नजर शिडावर होती. काकांनी दोर खाली ठेवला, त्यावर नीट मांडी घालून बसले आणि ओरडले,

"व्हा तुमी पुढं! आज मले बायको नेऊन राह्यली."