मजामां

बडोद्यात ‘मजामां’ हा शब्द ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडते असे एकच गृहस्थ मला ठाऊक आहेत, ते म्हणजे माझे थोरले साडू. त्यांच्या पाठीमागे मी एक गोष्ट केली आणि ती वर्षानुवर्षे पत्नीपासूनसुद्धा लपवली. म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना हसू अर्ध्यावरच थांबते.

साडू पालिकेच्या आरोग्यखात्यात डॉक्टर होते. आमच्या शहरात ‘केम छो?’ विचारले की समोरचा ‘मजामां’, म्हणजे मजेत, म्हणतो आणि दोघेही पुढे जातात. साडू पुढे जात नसत. माझ्या लग्नात, भर मांडवात, मी त्यांना ‘मजामां’ असे उत्तर दिले, तर मुंडावळ्यांसकट मला खाली बसवून त्यांनी माझी नाडी पाहिली. घरी त्यांच्या रोजच्या चौकशीत सकाळचा चहा निवू नये म्हणून त्यांच्या पत्नीने एक टाचदुखी कायमची कबूल करून टाकली होती. साडूंचे म्हणणे असे की, आमच्या सोसायटीत कोणालाही ‘केम छो’ विचारावे. साखर, गुडघा, पित्त असे करत करत पानातला भात थंड होईपर्यंत उत्तर चालते. विश्वामित्री नदीकाठच्या वस्तीत मात्र तापाने फणफणलेली बाईसुद्धा ‘मजामां’च म्हणते. “दुखणं सांगायलाही ऐपत लागते, साडूभाऊ,” ते म्हणत. “जिथे सगळेच मजामां, तिथे दवाखाना आधी.”

आमच्या सोसायटीच्या तोंडाशी पालिकेचा संध्याकाळचा दवाखाना होता. तो वस्तीत हलवावा, माणसे कामावरून परततात तेव्हा त्यांच्या दाराशी असावा, यासाठी साडूंनी वरिष्ठांचे उंबरे झिजवून होकार मिळवला. त्या दवाखान्यात माझी आई रक्तदाब तपासून घेई. रस्त्यापलीकडे खासगी डॉक्टर होते, आम्हांला परवडणारेही होते. तरीही मी नगरसेवकाच्या घरी जाऊन सोसायटीच्या वतीने शब्द टाकला, आणि दवाखाना जागचा हलला नाही. साडूंना वाटले, वरूनच अडले. माझ्याच दिवाणखान्यात बसून त्यांनी अडवणाऱ्याचा मनसोक्त उद्धार केला, आणि मी त्यांच्या बशीत आणखी एक चकली वाढली.

त्या पावसाळ्यात वस्तीत कावीळ पसरली. आमच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या मणिबेन तिथेच राहत. दवाखाना उघडण्याच्या वेळी त्या घरी चुलीपाशी असत. एकदा त्यांचे डोळे पिवळट दिसले म्हणून मी विचारले, “केम छो, मणिबेन?”

“मजामां, साहेब,” म्हणून त्यांनी गठ्ठा उचलला. मीही पुढे गेलो. पुढच्या खेपेला कपडे घेऊन त्यांची सून आली. बा गेल्या, सासूबद्दल एवढेच ती म्हणाली, आणि सदऱ्यांची घडी मोडू नये म्हणून ते दोन्ही हातांवर धरून उभी राहिली.

साडू आता अंथरुणाला खिळले आहेत. परवा भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने टाचदुखीचा उल्लेखही न करता खुर्ची पुढे सरकवली. मी विचारले, “कसे आहात, डॉक्टर?”

छताकडे पाहत ते म्हणाले, “मजामां.”

या शब्दाचा अर्थ त्यांनीच मला शिकवला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. नाडी मला कळत नाही.

“डॉक्टर, तो दवाखाना वरून अडला नव्हता,” मी म्हणालो. “मी अडवला. तुमचा मी अपराधी आहे, आणि मणिबेनचाही. मला क्षमा करा.”