पुलीवरचा लाल ठिपका

दसरा झाल्यावर, एकादशीला, बँडसॉचं ब्लेड तुटलं. ते बाबांच्या मांडीत गेलं. हॉस्पिटलच्या दारात बाबा वारले.

मी त्या वेळी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. वर्कशॉपमध्ये दोघंच होते, बाबा आणि मिस्त्री काका. त्यातले एक गेले. उरलेल्या माणसाकडे मी पुढचं वर्षभर संशयानं बघत राहिले.

आमचं वर्कशॉप मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरांचे शाफ्ट, पितळी बुश, खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या, जे येईल ते तिथं कापलं जातं. लोखंड कापायचा आडवा बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. ती किती वेगानं फिरवायची हे मालावर ठरतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्याला वेग चालतो. पितळेला त्याहून कमी, साध्या लोखंडाला अजून कमी, आणि स्टेनलेसला सगळ्यात कमी. स्टेनलेसवर ब्लेड जोरात फिरलं की माल कापला जायच्या ऐवजी घासून जास्तच कडक होतो, दात जळतात, आणि मग ब्लेड तुटतं. वेग बदलायला मोटरच्या पुलीला चार लहानमोठ्या गोल पायऱ्या असतात. पट्टा एका पायरीवरून काढून दुसरीवर चढवायचा, एवढंच.

त्या दिवशी पकडीत स्टेनलेसचा शाफ्ट होता, नखभर चिरलेला. पट्टा अ‍ॅल्युमिनियमच्या पायरीवर होता. ब्लेडवरचं झाकण उघडं होतं; कापताना पडणारा धातूचा कीस दिसावा म्हणून ते उघडं ठेवायची बाबांची जुनी खोड. "कीस बघायचा," ते म्हणायचे. "गोल वळून पडला तर बरोबर. भुकटी पडली तर ब्लेड नुसतं घासतंय. निळा पडला तर बंद कर आणि आधी स्वतःला शिव्या दे."

असा माणूस पट्टा चुकवेल कसा?

तेराव्याला हात धुता धुता मिस्त्री काका आपण होऊन म्हणाले, "पुली मी उलटी बसवली व्हती गो. पण भाऊंना म्हायती व्हता. त्यांनी सोताच लाल ठिपका मारलानी व्हता तिच्यावर."

मी काही विचारलं नव्हतं. न विचारता दिलेलं उत्तर माणूस आधी पाठ करून येतो, असं मला वाटलं.

बाबांना ते भाऊ म्हणत. त्यांचं म्हणणं असं होतं. भाद्रपदात जुनी मोटर जळली. बदली मोटरचा दांडा आखूड निघाला, म्हणून तिच्यावर पुली उलट्या तोंडानं बसवावी लागली. तीस वर्षं सगळ्यात हळू पायरी बाहेरच्या बाजूला होती, ती आत गेली. सगळ्यात जलद पायरी बाहेर आली. बाबा म्हणाले, डोक्याला कळलंय, पण हात जुना आहे, तो चुकेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं, म्हणून त्यांनी आतल्या पायरीवर ऑइलपेंटचा ठसठशीत लाल ठिपका दिला. लाल म्हणजे हळू.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये जाऊन पुली पाहिली. मोबाइलचा उजेड पाडून चारही पायऱ्या पाहिल्या. ठिपका कुठंच नव्हता.

वर्कशॉप बंद करणं मला जमलं नाही. कॉलेज सुटलं की मी तिथं जाऊन बाबांच्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसायची. वाचत नसे. काका पट्टा कुठल्या पायरीवर चढवतात, चढवण्याआधी थांबतात का, माझ्याकडे बघतात का, ते बघायची. ते थांबत. पुलीवर बोट फिरवत. मला त्यात अपराध दिसायचा. एखाद्या दिवशी ते न थांबता पट्टा चढवत, तेव्हा त्यात निर्ढावलेपण दिसायचं.

कापण्याच्या वेगांवर ग्रंथालयात जे होतं ते मी वाचून काढलं. ब्लेडवर खडूची खूण केली आणि ती फिरून परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. आतल्या पायरीवर आठ सेकंद. बाहेरच्या पायरीवर दोन म्हणेपर्यंत खूण परत हजर. तक्ता करून भिंतीवर लावला.

काका चष्मा कपाळावर सरकवून तक्त्यासमोर उभे राहिले. "बरा लिवलंस. कूलंट पातळ झाला तर काय करायचा, ता खंय लिवलंस?"

"ते पुस्तकात नाही."

"आणि दात बोथट झाले तर?"

"तेही नाही."

"मग आमची नोकरी हाय अजून," म्हणाले, आणि हसत हसत ब्लेड गार ठेवणाऱ्या कूलंटची बादली ढवळायला गेले.

त्या हसण्याचाही मला राग आला. एकदा मी सरळच विचारलं, "ठिपका होता म्हणता, मग गेला कुठं?"

ते शाफ्ट पुसत होते. हात थांबला. "ऱ्हायला नसंल," एवढंच बोलले आणि पुन्हा पुसायला लागले. ऑइलपेंट महिन्याभरात उडून जात नाही हे मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हे त्यांनाही कळत होतं. त्या दिवशी मी ठरवलं. वर्ष होऊ द्यायचं, पुढच्या एकादशीला त्यांना यायचं बंद करा म्हणून सांगायचं. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं. तीन वाक्यं होती. 'तुमच्या हयगयीमुळे' हे शब्द खोडून मी पुन्हा लिहिले होते.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनचा पट्टा उतरवून ठेवतात. पूजा मांडलेली असताना कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून. एकादशीला मालकानं स्वतःच्या हातानं पट्टा चढवायचा आणि पहिला काप घ्यायचा. पूजेआधी मशीन डिझेलनं पुसायचं आणि हळदकुंकू लावायचं काम घरच्या लेकीचं. शाळेत असल्यापासून ते मीच करते. पुसताना पंचाईत होते ती गेल्या वर्षीच्या कुंकवाची. तेल आणि धूळ बसून ते इतकं घट्ट होतं की बोळ्यानं निघत नाही, नखानं खरवडावं लागतं.

काकांनी पट्टा उतरवला आणि खुंटीला अडकवून ते झेंडूचं तोरण बांधायला गेले. मी लेथ पुसला, ड्रिल पुसलं. ड्रिलवर कुंकवाचा जुना डाग होता. नख लावलं तशी नखात काळपट लाल चिकटा भरला. कुंकू असंच निघतं, नेहमी.

माझा हात तिथंच थांबला.

गेल्या वर्षी एक डाग असा निघाला नव्हता. बँडसॉच्या पुलीवर, आतल्या बाजूला, बोटं वाकडी करून मी तो खरवडला होता. तो पापुद्र्यासारखा एका तुकड्यात सुटला. वरून लाल, मागून चकचकीत. मी तो फुंकरीनं उडवून दिला. मग पुली कोरडी केली आणि समोर आलेल्या बाहेरच्या पायरीवर, मधोमध, कुंकवाचं ठळक बोट लावलं.

त्या दिवशीचे फोटो मी वर्षभर उघडले नव्हते. तिथंच उभी राहून उघडले. चौथ्या फोटोत पुली होती. बाहेरची पायरी लाल. आतली पायरी स्वच्छ. बाबांनी लाल बघून तीच हळू धरली असणार, आणि फिरत्या पट्ट्यानं ते कुंकू घासून नेलं असणार.

काका तोरण घेऊन आले. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पाहिलं, आणि चष्मा परत कपाळावर ढकलला.

"तुम्हाला माहीत होतं."

"तेराव्याला नव्हता म्हायती. तू मोबाइल घेऊन पुलीत डोका घातलंस त्या दिवशी कळला. तू गेल्यावर मी बघितला. ठिपका नाय. मशीन पुसणारी तू एकटी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचा? एकादशीला आधी अ‍ॅल्युमिनियम कापायचा, असा आदल्या दिवशी ठरला व्हता. तो शाफ्टवाला, ट्रॉलरवरचा तांडेल, सकाळीच घाई लावून माल टाकून गेला. भाऊ म्हणाले, ह्याचा आधी करू. मी भायेर माल उतरवत व्हतो. पट्टा चढवताना मी तिथं नव्हतो, ता माझ्या वाट्याचा. कीस निळा पडला तरी बंद केलानी नाय, ता भाऊंच्या. तुझा काय तेवढा मोठा नाय."

"मी तुम्हाला काढून टाकणार होते."

"ता पण म्हायती हाय. तुझा कागद तक्त्याच्या मागं खोचलायस, बाय. अक्षर चांगला हाय." तोरण त्यांनी माझ्या हातात दिलं. "धर हे टोक. आणि त्या कागदात हयगय लिवलंस, ता खोडलंस, परत लिवलंस. एकदा कायतरी नक्की कर."

मी तोरणाचं टोक धरलं. ते स्टुलावर चढले.

त्यांनी सांगितलं ते खरं, की मला सोसावं म्हणून वाटे पाडून सांगितलेलं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी काय झालं ते पाहणारा माणूस बाबांखेरीज कोणी नव्हता. मी काकांवर संशय घेतला तो त्यांच्या तोंडावर घेतला, वर्षभर, रोज. त्यांनी तो परत माझ्याकडे वळवला नाही. वळवता आला असता.

एकादशीला पट्टा मी चढवला. कुंकू आम्ही पुलीवर लावलंच नव्हतं, मशीनच्या पायाशी लावलं होतं. काका हात मागं बांधून उभे राहिले.

"आतली," मी म्हटलं.

"बोट लाव आणि बघ," ते म्हणाले.

मी बोट फिरवून पायरी चाचपली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. कीस गोल वळून पडला.

वर्कशॉप चालू आहे. मिस्त्री काका येतात. नखभर चिरलेला तो शाफ्ट रॅकवर आहे.